पिकअपला ट्यूनर निवडताना: कोकणातल्या नव्या मालकांसाठी

आंब्याचा सीझन जवळ आला की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या गॅरेजांत एक प्रश्न ठरलेला असतो: "गाडी घाटाला ओढत नाय, रिमॅप करून घेऊ काय?" रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली, म्हणजे ईसीयूतली, फाइल बदलून ताकद वाढवणं, आणि ते करून देणारा माणूस म्हणजे ट्यूनर. विचारणारे दोन प्रकारचे. पहिल्याची बोलेरो पिकअप नाहीतर योद्धा असते. पेट्या, मासळीचे क्रेट किंवा चिरे भरून ती कुंभार्ली किंवा करूळ घाटाला लागते आणि दुसऱ्यावरून तिसरा गिअर काही पडत नाही. दुसऱ्याने हौसेने व्ही-क्रॉस किंवा हायलक्स घेतलेली असते आणि अमेरिकेतले पिकअप काळा धूर सोडत पळतानाचे व्हिडिओ रात्री जागून पाहिलेले असतात. या दोघांना एकच उत्तर देणारा ट्यूनर भेटला तर त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आकडा किती वाढतो हे सगळ्यात शेवटी बघायचं. क्लच, गिअरबॉक्स आणि उष्णता झेलण्याची ऐपत किती, हे आधी. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: गाडी आजारी नाही ना?

"ओढ कमी झाली" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना ट्यूनिंग नको असतं, दुरुस्ती हवी असते. चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर उघडून बघा, जांभ्याची तांबडी धूळ त्यात थापून बसलेली असते. टर्बोकडून इंटरकूलरला (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी पाइप क्लॅम्पजवळ चाचपा. तिथे तेलकट ओल आणि बारीक चीर असेल तर दाबाखालची हवा तिथूनच निसटते, लोडवर सुस्स आवाज येतो आणि मागे धूर. टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची नळी तडकलेली असू शकते, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने बुजलेला असू शकतो. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढायचा स्क्रू कित्येक गाड्यांत घेतल्यापासून कोणी फिरवलेलाच नसतो. आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवणाऱ्याने तर तो वरचेवर फिरवावा.

किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा एक खास आजार आहे: खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजतात आणि ब्रेक धरून राहतो. घाट चढून वर थांबलात की चारही रिमजवळ हात नेऊन बघा, पण टेकवू नका. चढताना ब्रेक जवळजवळ लागत नाही, त्यामुळे एखादंच चाक तापलेलं असेल तर तिथे ब्रेक अडकतोय. इंजिनाची ताकद वाढवून हा ब्रेक ओढत नेण्यात काय अर्थ आहे?

हौशी मंडळींसाठी दुसरी गोष्ट म्हणजे टायर. २४५/७० आर १६ काढून २६५/७५ आर १६ घातला की टायरचा व्यास साधारण ७५० मिलिमीटरवरून ८०४ वर जातो. म्हणजे जवळपास ७ टक्क्यांनी गिअर "उंच" झाला आणि जमिनीला मिळणारा रेटा तेवढाच कमी झाला. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो आणि ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर बदलण्याच्या वेळा चुकतात त्या वेगळ्याच. टायर आधी मोठे करायचे आणि मग ओढ नाही म्हणून ट्यूनर शोधायचा, हा उलटा प्रवास मी बऱ्याच जणांना करताना पाहतो.

एवढं झाल्यावर ओबीडी रीडर, म्हणजे ईसीयूतले आकडे वाचणारं उपकरण, घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथवाला साधा रीडर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप एवढं पुरतं. तुमच्या गाडीला चालेल ते अ‍ॅप निवडून लोडवर चार गोष्टी नोंदवा: ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि मिळालेलं रेल प्रेशर. मागणी आणि पुरवठा यांत सतत फरक पडत असेल तर गाडी दुरुस्तीला टाका. नोंदी करताना मोबाइल शेजारच्याच्या हातात हवा, हे वेगळं सांगायला नकोच.

पायरी २: ट्यूनर म्हणून काय काय विकलं जातं

ओबीडी सॉकेटात खोचायचे काही शे रुपयांचे "मायलेज आणि पॉवर" डबे ऑनलाइन मिळतात. त्यांच्यात दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही नसतं. हा विषय इथेच संपवू.

पेडल बॉक्स अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरमध्ये बसतो. तुम्ही पाव पेडल दाबलंत तर तो ईसीयूला अर्धं दाबल्याचं सांगतो. गाडी तरतरीत झाल्यासारखी वाटते, पण पेडल पूर्ण दाबल्यावर ताकद तेवढीच. भरल्या गाडीने घाट चढताना पेडल तसंही तळालाच असतं, तेव्हा मालवाहू पिकअपला याचा उपयोग शून्य.

ट्यूनिंग बॉक्स ही खरी वस्तू आहे. कॉमन रेल डिझेल इंजिनात तो बहुधा रेल प्रेशर सेन्सरच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब असल्याचं सांगतो. ईसीयू दाब वाढवतो, तेवढ्याच वेळात इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. फायदा असा की तो काढून ठेवता येतो, ईसीयूच्या फाइलला हात लागत नाही. तोटा असा की खरा दाब किती आहे हे आता ईसीयूला कळत नाही, त्यामुळे त्याची स्वतःची सुरक्षा अर्धी आंधळी होते. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड: बॉक्सचे जोड म्हणजे बॉनेटखाली दोन-चार नवे कनेक्टर. खाऱ्या हवेत त्यांच्या पिनांवर हिरवट थर चढला की सिग्नल डळमळतो आणि गाडी मध्येच लिम्प मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयू ताकद कमी करून टाकतो. बॉक्स घेणारच असाल तर कंपनीच्या कनेक्टरसारखेच रबरी सीलवाले कनेक्टर आहेत ना, ते बघा. वायर कापून टेप गुंडाळणारा फिटर नको.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात बरा प्रकार म्हणजे ईसीयूची फाइल बदलणं, ज्याला सगळे रिमॅप म्हणतात. यात डिझेल किती, केव्हा, किती दाबाने सोडायचं, बूस्ट किती मागायचा, धूर होऊ नये म्हणून हवेच्या प्रमाणात डिझेल कुठे रोखायचं, गिअरनुसार टॉर्कची मर्यादा किती, या सगळ्या तक्त्यांत हात घालता येतो. इंजिनाला दुसरं काही न जोडता केलेल्या रिमॅपला "स्टेज १" म्हणतात. टर्बो डिझेलला त्यातून साधारण १५ ते २५ टक्के वाढ मिळते. याहून मोठा आकडा कोणी तोंडावर सांगितला तर तो कोणत्या आरपीएमला आणि कोणत्या तापमानाला, असं विचारा.

अमेरिकन व्हिडिओंत हातात धरायचा, पडदा असलेला ट्यूनर दिसतो. ते फोर्डच्या पॉवरस्ट्रोक, शेव्हरलेच्या ड्युरामॅक्स, रॅमच्या कमिन्स अशा तिकडच्या इंजिनांच्या ईसीयूसाठी बनवलेले असतात. सॉकेटचा आकार इथेही तोच, म्हणून तो खोचता येईल. आपल्या बोलेरोशी किंवा हायलक्सशी तो बोलणार नाही.

पायरी ३: गिअरबॉक्सला विचारा

इथे जरा थांबू, कारण नव्या माणसाचे पैसे इथेच बुडतात.

बोलेरो पिकअप, योद्धा, व्ही-क्रॉसचं मॅन्युअल मॉडेल: या गाड्यांना "ट्रान्समिशन ट्यूनिंग" नावाची गोष्ट नसते. गिअर तुम्ही हाताने टाकता, त्यात सॉफ्टवेअरने बदलण्यासारखं काही नाही. कोणी इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचं पॅकेज सांगून पैसे मागत असेल तर उठून या. मॅन्युअल गाडीत सगळ्यात कच्चा दुवा क्लच. रिमॅपआधी तो असा तपासा: सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरात १५०० आरपीएमच्या आसपास गाडी ठेवा आणि पेडल एकदम तळाला न्या. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. अशा क्लचवर वाढीव टॉर्क टाकलात तर पहिल्याच भरल्या घाटात जळका वास येणार.

बोलेरो पिकअपच्या अडीच लिटर इंजिनाचा टॉर्क सुमारे २०० न्यूटन मीटर आहे आणि ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या इंजिनाला इतकी कमी ताकद का? कंपनीने ते रोज टनावारी माल भरून, जिथे जो मिळेल तो ड्रायव्हर गृहीत धरून बांधलं आहे, म्हणून. मालवाहू गाडीला मी कमी आरपीएमवरची, म्हणजे १५०० ते २२०० मधली, जेमतेम १०-१५ टक्क्यांची वाढ सुचवतो. घाटात कामाला येते ती तीच. वरच्या आरपीएमची हॉर्सपॉवर या गाडीला शोभेपुरती. त्यात मालवाहू गाडीला कायद्याने ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर असतो. तो काढून देतो म्हणणाऱ्याला नकोच म्हणा.

आता ऑटोमॅटिक. हायलक्सचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. भारतात ती २०२२ मध्ये आली. २.८ लिटरचं, २०४ पीएसचं तेच इंजिन मॅन्युअलबरोबर ४२० न्यूटन मीटर देतं आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर ५००. इंजिन एकच, मग ८० न्यूटन मीटर गेले कुठे? कुठेच नाही, मॅन्युअलवाल्या गाडीत सॉफ्टवेअरने ते रोखून धरले आहेत. कारखान्यातून बाहेर पडतानाच ट्यूनिंग गिअरबॉक्सकडे बघून झालेलं असतं. मॅन्युअल हायलक्सला रिमॅपने ५०० करून देतो म्हणणारा ट्यूनर इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलत नाही, पण क्लचबद्दल काही बोलतही नाही.

ऑटोमॅटिकमध्ये टीसीयू नावाचा वेगळा संगणक असतो. इंजिन आत्ता किती टॉर्क देतंय हा आकडा ईसीयू त्याला सतत कळवतो आणि त्यावरून टीसीयू आतल्या क्लच पॅकना किती तेलाचा दाब द्यायचा ते ठरवतो. गिअर बदलताना तो ईसीयूला क्षणभर टॉर्क कमी करायलाही सांगतो. स्वस्त रिमॅपमध्ये बरेचदा काय होतं, तर डिझेल वाढवलेलं असतं पण कळवला जाणारा टॉर्कचा आकडा जुनाच राहतो. प्रत्यक्षात ४३० न्यूटन मीटर येतात, टीसीयूला कळतात ३६०, आणि तो दाबही ३६० पुरताच देतो. क्लच पॅक थोडे थोडे घसरतात, तेल तापतं, काळं पडतं. चालवणाऱ्याला सुरुवातीचे महिने काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना झटका येतो आणि गिअरबॉक्सचं अंदाजपत्रक हातात पडतं. ट्यूनिंग बॉक्समध्ये हाच धोका जास्त, कारण तिथे वाढीव डिझेलचा पत्ता ईसीयूलाच नसतो.

म्हणून ऑटोमॅटिक व्ही-क्रॉस किंवा हायलक्सवाल्याने ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न: "टॉर्कचं मॉडेल बरोबर ठेवता का, आणि टीसीयूची फाइलही करता का?" चांगली टीसीयू फाइल तीन गोष्टी करते. वाढीव टॉर्कच्या मानाने तेलाचा दाब वाढवते. चढावर दोन गिअरांमध्ये होणारी उगाच खालीवर थांबवते, म्हणजे गाडी एक गिअर धरून ठेवते. आणि टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप लवकर लावते. हे तिसरं घाटासाठी मोलाचं आहे. लॉक न झालेला कन्व्हर्टर तेल घुसळून ताकद पुढे पाठवतो आणि घुसळण्यातून उष्णता तयार होते. आंबोली किंवा फोंडा घाटातल्या वळणांवर वेग २०-३० वर येतो, लॉक सुटतो, तेल तापत राहतं.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. घाट लागला की गिअरचा दांडा मॅन्युअल बाजूला न्या आणि दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. बऱ्याच मालकांची तक्रार इंजिनाच्या ताकदीची नसतेच. गिअरबॉक्स सतत वरच्या गिअरात पळतो, ही ती तक्रार असते, आणि ती अशाने मिटते. मिटली तर पैसे वाचले.

पायरी ४: उष्णता आणि उतार

एप्रिल-मे महिन्यात, दमट ३४ अंशांत, भरली गाडी दुसऱ्या गिअरात चढते तेव्हा इंटरकूलरला लागणारा वारा कमी आणि इंजिनाची मेहनत जास्त असते. हायलक्समध्ये इंटरकूलर बॉनेटखाली इंजिनाच्या वर आहे आणि बॉनेटवरच्या खाचेतून वारा घेतो. सावकाश चढावर तो लवकर तापतो. तापलेली हवा विरळ, त्यात वाढीव डिझेल, म्हणजे धूर आणि एक्झॉस्टचं वाढलेलं तापमान. त्यामुळे थंडीत पुण्याच्या डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिळालेला कागद मे महिन्यातल्या कोकणातल्या घाटाला लागू होईलच असं नाही. आत येणाऱ्या हवेचं तापमान वाढलं की डिझेल आपोआप कमी करणारे कंपनीचे तक्ते तसेच ठेवायला सांगा. ते "मोकळे" करणारा माणूस तुमच्या टर्बोच्या जिवावर आकडा काढतोय.

आणि वर मासळी-आंबा घेऊन जाणारी गाडी येताना कऱ्हाड-कोल्हापूरहून भाजी भरून उतरते. उताराला रिमॅपचा काडीचा उपयोग नाही, ब्रेक तेच आहेत. ओढ वाढली म्हणून चार क्रेट जास्त टाकायचा मोह होतो, तो उतरताना महागात पडतो.

पायरी ५: डीपीएफच्या वाटेला जाऊ नका

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि डिझेल पिकअपमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, आली. जाळी भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. मासळीच्या धंद्यातली गाडी मात्र बंदर ते बर्फाचा कारखाना आणि तिथून बाजार अशी थांबत-थांबत फिरते. हर्णै ते दापोली एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याची जाळी जळायला वेळच मिळत नाही. दिवा लागतो, गाडी ओढत नाही, आणि कोणीतरी कानात सांगतं, "डीपीएफ ऑफ करून टाक."

तसं करू नका. ते बेकायदा आहे, आणि बंदरावर बर्फ फोडणारी माणसं तोच धूर छातीत घेणार आहेत. अमेरिकेत याच उद्योगावर तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, दंड बसवले आहेत. तिच्या २०२० च्या अहवालात दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज आहे. ज्या व्हिडिओंवरून आपण शिकतो त्यांतले बरेच ट्रक या यादीतलेच असणार.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा राष्ट्रीय महामार्ग ६६ वर अर्धा तास गाडी एकसारख्या वेगात पळवा. दिवा तरीही जात नसेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरने जबरदस्तीचं रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करून मिळतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ऑइल बदला. या गाड्यांना कमी राखेचंच ऑइल लागतं, कुठलंही डब्यातलं चालत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. वॉरंटीच्या काळात रिमॅप नकोच. कंपनीचा स्कॅनर फाइलची ओळख-संख्या तपासू शकतो, त्यामुळे मूळ फाइल परत टाकली की काही कळत नाही या भरवशावर राहू नका. विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा. पिवळ्या पाटीच्या गाडीला पासिंग आहे, तिथेही धुराची तपासणी चुकत नाही.

पायरी ६: माणूस निवडा

आपल्याकडे बहुतेकांना पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव किंवा गोवा गाठावं लागतं, नाहीतर लॅपटॉप घेऊन गावोगाव फिरणारा ट्यूनर बोलवावा लागतो. फिरतीवरचे सगळे वाईट नसतात. पण एक गोष्ट माहीत असू द्या. फाइल वाचायच्या उपकरणांत "मास्टर" आणि "स्लेव्ह" असे दोन प्रकार असतात. स्लेव्हवाला तुमच्या ईसीयूमधून फाइल काढतो, ती त्याला स्वतःला उघडता येत नाही, तो ती दुसरीकडे मास्टरवाल्याला पाठवतो आणि बदलून आलेली परत टाकतो. तुमच्यासमोर लॅपटॉपवर गंभीर चेहऱ्याने बसलेल्या माणसाने फाइलमध्ये काय बदललं हे त्याला सांगता येत नाही, कारण ते त्याने केलेलंच नाही. म्हणून सरळ विचारा: फाइल कोण लिहितं, आणि घाटात गाडी तापली तर ती सौम्य करून कोण देणार?

आणखी काही गोष्टी लेखी घ्या. मूळ फाइलची प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर मिळणार. कोणतेही फॉल्ट कोड (बिघाड झाला की ईसीयू नोंदवतो आणि दिवा लावतो ते संकेत) बंद केले जाणार नाहीत. मूळ फाइल परत टाकायचे वेगळे पैसे नाहीत. बदलाआधी आणि नंतर, दोन्ही वेळचे डायनोचे कागद किंवा रस्त्यावरच्या नोंदी मिळणार. फॉल्ट कोडचा आग्रह सोडू नका. दिवा लागत नाही म्हणजे गाडी चांगली, असं मालकाला वाटतं. प्रत्यक्षात दिव्याची वायर कापल्यासारखंच ते झालेलं असतं.

ईसीयू उघडून फाइल टाकावी लागेल असं ट्यूनर म्हणाला, तर डबा परत कशाने बंद करणार ते विचारा. कारखान्यातलं सील एकदा फुटलं की आपली खारी हवा आत शिरायला टपलेलीच असते. योग्य सीलंट लावून, पूर्ण सुकवून मगच ईसीयू गाडीत बसला पाहिजे. फेविक्विकवर भागवणारे आहेत, म्हणून सांगितलं. ओबीडी सॉकेटातून काम होत असेल तर तेच बरं.

वेळ कोणती? सीझनच्या तोंडावर नको. मासळीची गाडी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत मोकळी असते, पण धो-धो पावसात रस्त्यावर चाचणी घेता येत नाही. मला दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात सोयीचे वाटतात. रस्ते सुकलेले असतात, आणि काही बिनसलंच तर आंबा सुरू व्हायच्या आत निस्तरायला वेळ असतो.

पायरी ७: कामाच्या दिवशी आणि पुढे

जायच्या आधी पीयूसी काढा. डिझेल गाडीच्या पावतीवर धुराचा के-मूल्याचा, म्हणजे धूर किती दाट आहे त्याचा, आकडा छापलेला असतो. बीएस ४ ला मर्यादा १.६२, बीएस ६ ला ०.७. रिमॅपनंतर पुन्हा पीयूसी काढा आणि दोन्ही पावत्या शेजारी ठेवा. पास-नापास बाजूला ठेवा, आकडा किती वाढला ते बघा. चांगल्या फाइलमध्ये तो जेमतेम हलतो.

फाइल लिहिताना बॅटरीचा दाब स्थिर हवा. मधेच वीज गेली किंवा बॅटरी बसली तर ईसीयू अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत मरतो. आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, तेव्हा गाडीला बॅटरी सपोर्ट युनिट लावलंय का, त्याच्यामागे इन्व्हर्टर आहे का, आणि लॅपटॉप चार्ज आहे का, हे तिन्ही स्वतः बघा. हेडलाइट, पंखा, स्टिरिओ बंद.

मग चाचणी. रिमॅपआधी ज्या घाटात, ज्या वजनाने, ज्या गिअरात नोंदी केल्या होत्या, त्याच घाटात तेवढंच वजन घेऊन पुन्हा चढा. रिकामी गाडी हायवेवर पळवून "मस्त झाली" म्हणण्याला अर्थ नाही. कूलंट, आत येणारी हवा, एक्झॉस्ट आणि ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान नोंदवा. गिअरचं तेल १२० अंशांकडे जायला लागलं तर चढ सोडून सुरक्षित जागी थांबा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून ते खाली येऊ द्या, आणि ट्यूनरला नोंदी पाठवा. टर्बोच्या आधी सेन्सर असेल आणि सलग चढावर एक्झॉस्ट ७०० अंशांच्या वर रेंगाळत असेल, तर मी तरी फाइल सौम्य करून घेईन. घाटमाथ्यावर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल त्या मिनिटात निवतं.

ऑइल बदलायचं अंतर कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी करा आणि ऑटोमॅटिकचं तेल "आयुष्यभर चालतं" या बोलण्यावर विसंबू नका. सर्व्हिसला गाडी टाकताना सल्लागाराला सांगून ठेवा की सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी फोन करा, नाहीतर तुमची फाइल पुसली जाईल आणि घाटात गेल्यावर तुम्हाला कळेल. टीसीयूची फाइल राहिली आणि ईसीयूची गेली, किंवा उलटं, तर जोडी फुटते. दोन्हींच्या मूळ आणि बदललेल्या अशा चारही फाइली तारीख टाकून दोन ठिकाणी ठेवा.

गाडी विकायची झाली तर मूळ फाइल परत टाकूनच द्या. घेणारा तिच्यात चिरे भरणार आहे की कोळंबी, ते तुम्हाला ठाऊक नसतं.